हायवेला पिकअप थरथरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरचा. गेली बारा वर्षं स्वतःची पिकअप चालवतो. हंगामात सांगोल्याकडून डाळिंबाचे क्रेट, हिवाळ्यात मार्केट यार्डात कांदा, एरवी पुण्याला चादरी-टॉवेलचे गठ्ठे. माझी गाडी आठ महिने थरथरत होती. त्या आठ महिन्यांत चांगले पार्ट बदलून बसलो आणि दोष मात्र जागेवरच राहिला. आता यार्डात माल उतरवताना कोणी ना कोणी ड्रायव्हर येऊन विचारतोच, "दादा, तुमची गाडी शेवटी कशाने बरी झाली?" तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

थरथर कुठून येते हे आधी कसं ओळखायचं?

पाना हातात घेण्याआधी गाडी रस्त्यावर काढा. गाडीत फिरणाऱ्या वस्तू तीन गटांत बसतात: चाकं, मधला शाफ्ट (इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) आणि इंजिन. तिन्हींचा वेग वेगळा असतो. २१५/७५ आर १५ मापाचा टायर घेतला, तर ताशी ८० ला चाक सेकंदाला साधारण १० फेऱ्या मारतं. डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलच्या मध्यावरच्या गिअरपेटीचं) प्रमाण चारच्या आसपास धरलं, तर शाफ्ट त्याच वेळी ४० च्या आसपास फिरतो. म्हणून चाकाची थरथर वेगळी लागते आणि शाफ्टची वेगळी. चाकाचे हादरे मोठे, जवळजवळ मोजता येतील असे असतात. स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलतं, आरशातलं चित्र हलतं. शाफ्टची थरथर बारीक असते. ती सीटखालून, पायाखालच्या पत्र्यातून येते आणि तिच्यासोबत "घूंऽऽ" असा दबका आवाज असतो. पाण्याची बाटली सीटवर ठेवा. पाण्यावर बारीक जाळी उठली, तर शाफ्टकडे बघा. पाणी डचमळलं, तर चाकांकडे.

मी चाचणी केगावच्या पुढून सावळेश्वर टोलनाक्यापर्यंत घेतो. सकाळी लवकर गर्दी कमी असते. मालवाहू गाडीला चार पदरी हायवेवर ८० ची मर्यादा आहे, तेवढ्यात सगळं कळतं. त्याच्या वर न्यायची गरज नाही.

ज्या वेगाला थरथर येते तो वेग धरा आणि एकेक गोष्ट करून बघा. मागे कोणी नाही हे बघून क्लच तीन-चार सेकंद दाबा. इंजिन आयडलला येईल. थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष. ती चाकांत किंवा शाफ्टमध्ये आहे. मग पाय क्लचवरून काढा, त्याच वेगाला पाचवाऐवजी चौथा गिअर टाका. इंजिनचे फेरे वाढले तरी थरथर त्याच वेगाला येत असेल, तर पुन्हा तेच उत्तर. तिसरी गोष्ट म्हणजे एक्सलेटर देताना आणि सोडताना फरक पडतो का. चाकाच्या दोषाला एक्सलेटरशी देणंघेणं नसतं. शाफ्टच्या जॉइंटला असतं, कारण ओढ बदलली की सैल क्रॉस (जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला बसतो.

चावी कधीही बंद करायची नाही. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टरही साथ सोडतो.

४० ला गाडी लोण्यासारखी चालते, ७५-८० लाच काय होतं?

असमतोलाचा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट. रिमच्या कडेला ५० ग्रॅमचा फरक असेल, तर ८० ला तो चाकाला जवळपास पावणेचार किलोच्या जोराने ओढतो, सेकंदाला दहा वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेने. ४० ला हाच ओढा एक किलोही भरत नाही. त्यात भर म्हणजे चाक, एक्सल आणि स्प्रिंग यांची स्वतःची डोलण्याची एक लय असते आणि ती बहुधा सेकंदाला दहा ते पंधराच्या मध्ये पडते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीला भेटल्या की थोडासा हादराही मोठा होऊन हातात येतो. म्हणूनच बऱ्याच गाड्या ७० ला शांत असतात, ८० ला थरथरतात आणि त्याच्या पुढे पुन्हा जरा शांत होतात. थरथर एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येत असेल, तर पहिला संशय चाकांवर घ्यावा.

बॅलन्सिंग तीनदा केलं. तरी जात नाही. आता?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि मी स्वतःही इथेच अडकलो होतो. बॅलन्सिंग म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाक समतोल करणं, आणि त्याचं मशीन फक्त वजनाचा फरक दाखवतं. टायर गोल आहे का, हे ते सांगत नाही. अंड्यासारख्या टायरला वजनं लावून मशीनवर शून्य आणता येतं. रस्त्यावर मात्र तो टायर प्रत्येक फेरीला गाडी उचलतो आणि सोडतो.

दुसरी गोष्ट, चाक मशीनवर बसवलं कसं होतं? मधल्या भोकात मशीनचा शंकू नीट बसला नाही, भोकाच्या कडेला गंज किंवा माती असली, तर मशीन चुकीच्या केंद्रावर मोजतं. याची परीक्षा सोपी आहे आणि तुम्ही समोर उभं राहून करायला सांगू शकता. शून्य आल्यावर चाक सैल करायचं, अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसायचं आणि परत चालवायचं. पुन्हा शून्य किंवा पाच ग्रॅमच्या आत आलं, तर काम खरं. वीस-तीस ग्रॅम दाखवलं, तर पहिलं शून्य खोटं होतं. चांगला दुकानदार याचा राग मानत नाही.

तिसरं म्हणजे जुनी वजनं. नवीन लावण्याआधी रिमवरची सगळी जुनी वजनं काढायला सांगा. माझ्या एका रिमवर आत-बाहेर मिळून सात वजनं होती, त्यातली तीन समोरासमोर. म्हणजे एकमेकांना खोडणारी. ते चाक बघितल्यावरच मला कळलं की दर वेळी आधीच्या कामावर नुसतं नवीन काम चढवलं गेलं होतं.

आणि मशीनवर शून्य आलेलं चाक गाडीवर तसंच बसतं, असं नाही. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा पापुद्रा, रंगाचा जाड थर किंवा एखादा खडा असेल, तर चाक तिरकं बसतं. हब आणि रिम दोन्ही तारेच्या ब्रशने घासून घ्या. नट समोरासमोरचे आवळा, आधी हाताने, मग चाक अधांतरी असताना हलक्या पान्याने, शेवटी खाली टेकवून पूर्ण. एका बाजूने सुरू करून गोल फिरत नट आवळले, तर चाक मध्यावर बसत नाही.

टायर नवीन आहे. त्यात दोष असू शकतो का?

असू शकतो. जुन्या-नव्यापेक्षा तो गोल आहे का, हे बघा. मी घरीच बघतो ते असं.

सपाट जागा घ्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि पुढचं चाक जॅकवर जमिनीपासून दोन बोटं उचला. टायरसमोर एक वीट उभी करा, विटेवर जाड तार ठेवून वर दुसरी वीट ठेवा. तारेचं टोक टायरच्या नक्षीच्या मध्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा. आता चाक हाताने, अगदी सावकाश फिरवा आणि फक्त त्या फटीकडे बघा. फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. एका जागी टायर तारेला घासला आणि समोरच्या बाजूला फट रुंद झाली, तर टायर गोल नाही. फरक दीड मिलिमीटरच्या वर गेला, की मी त्या टायरला पुढच्या चाकाला ठेवत नाही. मग तार रिमच्या कडेला आणून परत फिरवा. रिमही तेवढंच हलत असेल, तर दोष रिमचा. रिम सरळ आणि टायर वाकडा, तर टायरचा. तार टायरच्या बाजूला धरून चाक आत-बाहेर डोलतं का, हेही बघून घ्या.

माझ्या गाडीचा पहिला दोष असाच सापडला. पुढचा डावा टायर जेमतेम वर्षाचा. नक्षी भरपूर. बाहेरून बघून कोणी नाव ठेवलं नसतं. तार लावली आणि फिरवला, तर एका जागी वीतभर लांबीत टायर फुगलेला. हाताचा तळवा फिरवला की बोटांना टेकाड लागत होतं. आतल्या तारेच्या पट्ट्याने रबर सोडलं होतं. असा टायर बॅलन्स करत बसण्यात अर्थ नाही आणि ठेवण्यातही नाही, कारण तो सोलून फुटतो आणि पुढचा टायर ८० ला फुटणं म्हणजे काय, हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.

नवीन टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पिवळा ठिपका असेल, तर ती टायरची हलकी बाजू. टायर चढवताना ती व्हॉल्व्हजवळ ठेवली, की वजनं कमी लागतात.

पुढचं चाक की मागचं?

स्टेअरिंग हलत असेल तर पुढचं, सीट हलत असेल तर मागचं, असा साधा ठोकताळा. तो बहुतेक वेळा खरा ठरतो. पक्कं करायचं असेल, तर पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे टाका. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये सरकली, तर दोष चाकांसोबत गेला. नाही सरकली, तर चाकं सोडा आणि हब, बेअरिंग, शाफ्टकडे वळा. स्टेपनी चांगली असेल, तर एकेका चाकाच्या जागी ती लावून बघता येतं. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने झाली हे कधीच कळत नाही.

पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी थरथर सुरू होते. का?

आपल्याकडची काळी माती. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात किंवा मंद्रूपकडे भिजल्या वाटेने गाडी घातली, की चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत मातीचा लगदा बसतो. तो ऊन लागलं की विटेसारखा वाळतो. एका बाजूची ढेकळं गळतात, दुसऱ्या बाजूची तशीच राहतात. पाव किलोचं ढेकूळ म्हणजे दुकानदार लावतो त्या वजनांच्या कैक पट. बाहेरून गाडी धुतली तरी ते दिसत नाही, हात रिमच्या आत घालून बघावं लागतं. लाकडाच्या काटकीने खरवडा, मग पाण्याचा फवारा आतून मारा. शाफ्टवर चिकटलेली मातीही तेव्हाच काढा. दुकानात जाण्याआधी हे केलं नाही, तर मातीसकट बॅलन्सिंग होतं आणि माती गळली की थरथर परत.

अलाइनमेंट केली की थरथर जाईल का?

नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या दिशेचा मेळ, बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. थरथर हे तिचं काम नव्हे. मात्र बरेच दिवस तशीच चालवून टायर दातेरी झिजला, तर तो झिजलेला टायर घरघरतो आणि मग अलाइनमेंट करूनही ती घरघर राहते. टाय रॉडचे एंड किंवा बॉल जॉइंट (स्टेअरिंगचे आणि पुढच्या चाकांचे सांधे) सैल असतील, तर चाकातला किरकोळ हादराही वाढून स्टेअरिंगला येतो. चाक उचलून घड्याळातल्या नऊ-तीनच्या जागी हात धरून हलवा, मग बारा-सहाच्या जागी. कुठेही टकटक नको.

रिकामी असताना थरथरते, माल भरला की नाही. हे उलटंच कसं?

माझा दुसरा दोष हाच होता. टायर बदलला, स्टेअरिंग शांत झालं, पण सीटखालची बारीक थरथर राहिली. पुण्याला भरलेली गाडी जाताना काही नाही. परत येताना हौदा रिकामा, आणि इंदापूर सोडलं की ७० ते ८० मध्ये पाय बधिर होतील अशी घूंघूं. मी तीन ठिकाणी दाखवली. प्रत्येकाने विचारलं, "भरल्यावर त्रास आहे का?" मी "नाही" म्हणालो की पुढे कोणी बघितलंच नाही.

अक्कलकोट रोडला एक म्हातारे मिस्त्री आहेत. ते गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, पाटा कधी वाढवला?" आठेक महिन्यांपूर्वी कांद्याच्या हंगामात मी मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा, म्हणजे स्प्रिंगची लोखंडी पट्टी, टाकून घेतला होता. थरथर त्यानंतरच सुरू झाली होती आणि माझ्या डोक्यात हे दोन धागे कधी जुळलेच नव्हते.

घडतं ते असं. क्रॉस असलेला जॉइंट सरळ रेषेत असला, की फिरणं एकसारखं. तो कोनात असला, की एका टोकाला एकसारखी फेरी मिळाली तरी दुसरं टोक प्रत्येक फेरीत दोनदा पळतं आणि दोनदा रेंगाळतं. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असेल, तर तिथला जॉइंट हा चढउतार खोडून टाकतो. कंपनीने कोन तसेच ठरवलेले असतात. जादा पाटा टाकला, की रिकाम्या गाडीचं मागचं अंग वर उचलतं. शाफ्टचा उतार वाढतो, पाट्यांवर एक्सलची बैठक बदलते, दोन टोकांचे कोन जुळेनासे होतात. माल भरला की पाटे दबतात, कोन परत जागेवर. म्हणून भरलेली गाडी शांत.

मिस्त्रींनी फोनमधलं कोन मोजायचं अॅप उघडलं, फोन आधी गिअरबॉक्सच्या टोकाला, मग शाफ्टवर आणि शेवटी डिफरन्शियलच्या तोंडावरच्या सपाट भागावर ठेवला. दोन टोकांच्या जॉइंटच्या कोनांत चार अंशांहून जास्त फरक. तो एका अंशाच्या आत हवा आणि कोणत्याही जॉइंटचा कोन साधारण तीन अंशांच्या आत असला की बरं. आम्ही जादा पाटा काढला. घूंघूं त्याच संध्याकाळी गेली. काहींना पाटा हवाच असतो, त्यांच्यासाठी एक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी टाकून डिफरन्शियलचं तोंड फिरवतात. ते काम मोजमाप करूनच करावं. आणि पाटा वाढवला म्हणून कागदावरचं पासिंगचं वजन वाढत नाही. ब्रेक, टायर, हब हे सगळं पूर्वीइतकंच असतं.

क्रॉस आणि सेंटर बेअरिंग घरी तपासता येतात का?

येतात. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, पुढच्या-मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आपल्याकडे या एका चुकीने माणसं गेली आहेत. उचलावीच लागली, तर खाली स्टँड किंवा रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड लाकडी ओंडके हवेत.

शाफ्ट क्रॉसच्या दोन्ही बाजूंनी हातात धरा आणि उलटसुलट पिळा, मग वरखाली हलवा. जरासाही खेळ नको. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबडा भुगा दिसला, तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. रिव्हर्समधून पहिला टाकताना खालून "टक्" येत असेल, तोही क्रॉसचाच निरोप असतो. ग्रीसचं निपल असेल, तर चारही टोप्यांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरा. तीनच टोप्यांतून आलं, तर चौथी तुंबली आहे आणि तीच आधी खराब होणार.

लांब गाडीला शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं बेअरिंग. रबराला चिरा पडल्या, ते एका बाजूला लोंबलं, की गाडी उचल घेताना पहिल्या-दुसऱ्या गिअरलाच खालून धडधड येते. तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी चढवताना हे सगळ्यांत नीट कळतं. शाफ्टवर आणखी दोन गोष्टी बघा: कुठे ठेच लागून पत्रा दबला आहे का, आणि वेल्ड केलेली छोटी वजनपट्टी पडून नुसता चौकोनी डाग उरला आहे का. दोन्हीपैकी काहीही असलं, तर शाफ्ट काढून बॅलन्सिंगच्या लेथवर न्यावा लागतो.

क्लच प्लेट बदलल्यापासून थरथर सुरू झाली आहे.

मग बहुधा शाफ्ट परत बसवताना चुकला आहे. दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे तुकडे, एका रेषेत असावे लागतात. शाफ्टच्या सरकत्या सांध्याचे दाते एका घराने जरी सरकले, तरी वर सांगितलेला चढउतार पूर्ण खोडला जात नाही. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना पंचने खूण करायला सांगत जा, खडूची पुसली जाते. काम परत त्याच मिस्त्रींकडे घेऊन जा आणि भांडण न करता नुसतं योक दाखवा.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं.

पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. स्टेअरिंगऐवजी सीट आणि पेडल धडधडत असेल, तर मागचे ड्रम बघा. मोकळ्या रस्त्यावर ३० च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवून तो हलकेच ओढला आणि धडधड आली, तर ड्रम गोल राहिलेला नाही. नट कमी-जास्त आवळल्यानेही डिस्क वाकते.

वेग वाढला की विमानासारखा आवाज येतो, थरथर कमी आहे.

व्हील बेअरिंग. गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला, तर डावं बेअरिंग. दातेरी झिजलेला टायरही असाच घोंगावतो, पण वळवल्यावर त्याचा आवाज फारसा बदलत नाही.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

नाही, आणि हा समज आपल्या भागात फार पक्का बसलेला आहे. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो, डांबर त्याहून कितीतरी तापतं. दर पाच-सहा अंशांना हवा साधारण एक पीएसआय वाढते, चालत्या गाडीत चार-पाच वाढणं नेहमीचंच. कंपनीने तो हिशेब धरलेला असतो. हवा कमी ठेवली, तर टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, तीच दुमड उष्णता करते आणि आतला पट्टा सुटतो. माझा फुगलेला टायर कदाचित असाच गेला असेल, कारण तेव्हा मीही दुपारी तापलेल्या टायरमधली हवा सोडत असे. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी मोजा. आकडा दाराच्या पट्टीवरचा किंवा पुस्तिकेतला धरा, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगवेगळा असतो.

भरलेली गाडी दोन-तीन दिवस एका जागी उभी राहिली, तर टायर खाली चपटा बसतो आणि सुरुवातीला थरथरतो. पंधरा-वीस किलोमीटर चालल्यावर गेला, तर काळजी नको.

मागे रिमोल्ड टायर चालेल का?

रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरवर नक्षीचा नवीन थर चढवलेला टायर. गावातल्या गावात, हळू फिरणाऱ्या गाडीला लोक वापरतात. रोज पुणे गाठणाऱ्या पिकअपला मी घालणार नाही. नवीन थर एकसारखा चढला नसेल, तर टायर मुळातच गोल नसतो, वर उन्हाळ्यात थर सुटायची भीती. पुढे तर मुळीच नको.

इंजिनमुळे असेल तर कसं कळेल?

गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये तेवढेच फेरे द्या. उभ्या गाडीलाही तीच थरथर आली, तर इंजिनचं माउंटिंग, क्लच किंवा इंजेक्टर. माउंटिंगचं रबर फाटलं, की गाडी सुरू-बंद करताना मोठा झटका बसतो, तो आधी लक्षात येतो.

अजून एक महिना असंच चालवलं तर?

कारण माहीत असेल आणि ते मातीचं ढेकूळ किंवा पडलेलं वजन असेल, तर फार बिघडत नाही. कारण माहीत नसेल, तर थांबू नका. मात्र काही लक्षणांवर गाडी तिथेच कडेला घ्यायची, पुढचा धाबा येईपर्यंतही नाही. थरथर काही किलोमीटरांत वाढत गेली. टायरवर फुगवटा दिसला. कुठूनतरी "ठप ठप" सुरू झालं. एखाद्या नटाभोवती रिमला ताजा चकाकता घासा दिसला, म्हणजे नट सैल आहे. किंवा खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं, तर ते रस्त्यात रुततं आणि गाडी उचलते.

गॅरेजला गेल्यावर काय सांगू?

"गाडी व्हायब्रेट मारते" एवढंच सांगितलं, तर समोरचा त्याच्याकडे जे मशीन आहे ते लावणार. त्याचीही चूक नाही. मी डॅशबोर्डात एक वही ठेवतो. त्यात कोणत्या वेगाला सुरू होते, कोणत्या वेगाला थांबते, स्टेअरिंगला की सीटला, क्लच दाबल्यावर काय, एक्सलेटर सोडल्यावर काय, रिकामी की भरलेली, आणि थरथर सुरू होण्याआधीच्या महिन्यात गाडीवर काय काम झालं, हे सगळं लिहितो. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. माझ्या वहीत "जादा पाटा" हे दोन शब्द असते, तर आठ महिने गेले नसते.

शक्य असेल, तर मिस्त्रींना शेजारी बसवून चक्कर मारा. ज्या अवस्थेत त्रास होतो त्याच अवस्थेत गाडी न्या. रिकामी थरथरत असेल, तर रिकामी.

पैसे मोजके आहेत. आधी कशावर घालू?

पहिल्या दिवशी काहीच नाही. चाकं आतून खरवडा, हवा मोजा, नट आवळा, विटेवर तार ठेवून चारही टायर फिरवून बघा, शाफ्ट हाताने पिळा. याला एक सकाळ लागते. त्यानंतर हब घासून, जुनी वजनं काढून, समोर उभं राहून एकदा नीट बॅलन्सिंग. मग टायर पुढे-मागे. टायर विकत घेणं, शाफ्ट लेथवर पाठवणं हे त्यानंतर, आणि तेही वहीतल्या नोंदी त्याच दिशेला बोट दाखवत असतील तरच.